मदत हवी आहे: हरिश्चंद्रगडावर ग्रुपने जिओकॅशिंग करायचंय, नळीची वाट की पाचनई?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही दहा-बारा जण हरिश्चंद्रगडला चाललोय आणि यावेळी ट्रेकसोबत जिओकॅशिंगपण करायचं ठरतंय. मावसभाऊ म्युनिकला असतो, तो तिकडे आल्प्समध्ये दर सुट्टीत हेच करतो, त्याचीच ही आयडिया. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोणीतरी डबा लपवून त्याचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) द्यायचे, बाकीच्यांनी जीपीएसवर तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली आणि लगेच ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला, तिथून हे जगभर पसरलं. डब्याला दोन रेटिंग असतात, शोधायला किती अवघड आणि तिथे पोचायला किती अवघड, दोन्ही एक ते पाच. भावाला अर्थातच पोचायला अवघड असलेले डबे आवडतात, म्हणून तो आणि ग्रुपमधली कॉलेजची दोन पोरं पायथ्याच्या बेलपाडा गावाहून नळीच्या वाटेनेच (कातळांमधल्या अरुंद घळीतून) चढू म्हणून अडून बसलेत.

पण ग्रुपमध्ये माझी बहीण आणि तिची तेरा वर्षांची मुलगी आहे, शिवाय साठीला आलेले एक काका आहेत (त्यांचा सह्याद्रीचा अनुभव आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे पण गुडघे आता साथ देत नाहीत). नळीची वाट म्हणजे सुटे धोंडे, दोन-तीन ठिकाणी दोर लागतो आणि सगळा दिवस चढण. मला वाटतं दोन तुकड्या कराव्यात, तयारीचे लोक वाटाड्या घेऊन नळीतून आणि बाकीचे पाचनई गावाकडच्या सोप्या वाटेने, दुपारनंतर केदारेश्वराच्या गुहेपाशी भेटायचं. खिरेश्वरकडून तोलार खिंडीची वाट मी गेलेय, ती सुंदर आहे पण लांब पडते आणि खिंडीनंतरच्या रॉक पॅचवर काकांना त्रास होईल. नळी केलेल्यांनी सांगा, थंडीत दिवस लहान असताना पहाटे किती वाजता बेलपाडा सोडावं म्हणजे अंधारात अडकणार नाही?

आता मुख्य काळजी. जिओकॅशिंगमध्ये माणसाचे डोळे फोनवर असतात आणि हात दगडाखाली, आणि आपल्याकडच्या डोंगरात नेमकं हेच दोन्ही करू नये. दगड उचलला की खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. नळीत तर एकाने धोंडा हलवला तर तो खालून येणाऱ्याच्या डोक्यावर जाणार. त्यात उंच कातळांच्या मधे सिग्नल भिंतींवर आपटून येतो त्यामुळे जीपीएस वीस-तीस मीटर सहज भरकटतो. मोकळ्या माळावर एवढी चूक चालून जाते, कोकणकड्याच्या (गडाच्या पश्चिमेचा उभा कडा) धारेवर नाही. म्हणून माझा आग्रह आहे की नळीत एकही डबा नको आणि कड्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत काहीच लपवायचं नाही. जे काही असेल ते वरच्या सपाटीवर, काठीने चाचपून दिसेल असं, आणि सोबत नेमक्या जागेचा फोटो किंवा वर्णन, म्हणजे कोणी उगाच झाडोऱ्यात हात घालणार नाही.

कोकणकड्यासाठी मात्र एक वेगळं डोक्यात आहे. अर्थकॅश म्हणून एक प्रकार असतो, त्यात डबाच नसतो, जागेवर जाऊन तिथल्या खडकाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. कोकणकड्याइतकी भारी जागा त्यासाठी कुठे मिळणार, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक ओतलेल्या लाव्हाचे थर समोर उभे कापलेले दिसतात. मुलीला लांब सुरक्षित जागेवरून थर मोजायला लावायचे, दोन थरांमधला रंग का बदलतो ते विचारायचं. भूगर्भशास्त्र येणाऱ्या कोणी तीन-चार सोपे प्रश्न सुचवले तर फार बरं होईल.

गड अभयारण्यात येतो त्यामुळे कायमचे डबे ठेवायचा विचारच नाही. आमच्यापुरता खेळ, पाचनईची तुकडी आधी पोचून डबे ठेवेल आणि निघताना सगळे मोजून परत आणेल. तरी वनखात्याच्या लोकांना आधी सांगावं लागतं का, आणि चौकीवर सांगितलं तर पुरतं का? देवळापाशी तर नकोच, बेवारस डबा दिसला की लोक घाबरणार आणि ते बरोबरच आहे. डबे पारदर्शक ठेवून वर मराठीत चिठ्ठी लावायची असं ठरवलंय. खाण्याचं काही आत नाही, माकडं सोडणार नाहीत.

अजून एक, भावाकडे गार्मिन इनरीच आहे, सॅटेलाइटवरून मेसेज जातो ते. भारतात परवानगीशिवाय असली यंत्रं चालत नाहीत, विमानतळावर लोकांना अडवलंय, त्यामुळे त्याला ते घरीच ठेव म्हणून निक्षून सांगितलंय. मग रेंज नसलेल्या टप्प्यात दोन तुकड्यांनी एकमेकांना कळवायचं कसं? लायसन्स न लागणारे वॉकीटॉकी डोंगर मधे आला की किती उपयोगाचे ठरतात, कोणी वापरलेत का?

--

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या पटकन इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. वॉकीटॉकीचा नाद सोडला, त्याऐवजी ठरलेल्या वेळेपर्यंत नळीवाले वर आले नाहीत तर पाचनईवाल्यांपैकी दोघं रेंज असलेल्या जागी जाऊन बेलपाड्यात आणि रेस्क्यूवाल्यांना फोन करणार, दोन्ही नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात. आग्या माश्यांचं ज्यांनी लिहिलंय ते ग्रुपवर टाकलं, परफ्यूम आणि धूर दोन्ही बंद. कोऑर्डिनेट्स सगळ्यांनी एकाच फॉरमॅटमध्ये ठेवा हा मुद्दा पण महत्त्वाचा, जिओकॅशिंगवाले अंश आणि दशांश मिनिटं वापरतात आणि फोनचा मॅप दशांश अंश दाखवतो, त्यात गोंधळ झाला तर माणूस भलत्याच दरीकडे जायचा. नळीसाठी हेल्मेट भाड्याने कुठे मिळतील एवढंच आता राहिलंय, पुणे किंवा कल्याण बाजूला कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, पाच लागतील.