मॉरिसनचा ‘बॅटमॅन आर.आय.पी.’ डोक्यावरून गेला. चूक कुणाची?

दुपारचा_वाचक

कॉमिक-लेखक ग्रँट मॉरिसन यांचं ‘बॅटमॅन आर.आय.पी.’ दोनदा वाचून झालं. पेपरबॅकमध्ये ‘बॅटमॅन’ मासिकाचे अंक ६७६ ते ६८३ आहेत, सुरुवातीला ‘डीसी युनिव्हर्स ०’मधली थोडी पानं. जाणकारांना प्रश्न विचारतो.

हा खलनायक डॉक्टर हर्ट नेमका कोण? पुस्तक संपलं तरी उलगडत नाही. मधेच ब्रूस (म्हणजे बॅटमॅनच) लाल-पिवळा-जांभळा पोशाख चढवून बेसबॉलची बॅट घेऊन फिरतो, ते काय प्रकरण? ६८१ मध्ये हेलिकॉप्टर नदीत कोसळतं आणि ६८२ उघडावा तर स्वारी भलत्याच यंत्राच्या तावडीत. मधला भाग गाळला की काय? आणि नाव ‘आर.आय.पी.’ असून माणूस मरतो कुठे?

कुणी म्हणतं याच्या वरचा बॅटमॅन झालाच नाही, कुणी म्हणतं नुसता शहाणपणाचा आव. पुढची पुस्तकं घ्यावीत का, एवढं सांगा.

जुना_अंक

तुम्ही नाटकाला मध्यंतरानंतर शिरलात, आणि दोष थोडासा दारावरच्या माणसाचा आहे. पुस्तकाच्या पाठीवर कुठेही लिहिलेलं नाही की हे तिसरं पुस्तक आहे.

मॉरिसननी २००६ मध्ये अंक ६५५ पासून सुरुवात केली. पहिलं पुस्तक ‘बॅटमॅन अँड सन’: ६५५ ते ६५८ आणि ६६३ ते ६६६. मधले चार अंक दुसऱ्या लेखकाचे, ते सोडा. दुसरं ‘द ब्लॅक ग्लव्ह’: ६६७ ते ६६९ आणि ६७२ ते ६७५. ६७०-६७१ हे रास अल गुल या खलनायकाच्या पुनर्जन्माच्या मोठ्या कथेत अडकलेले दोन अंक, न वाचता चालतं. म्हणजे तुमच्या पुस्तकाआधी पंधरा अंक आहेत आणि ‘आर.आय.पी.’ त्या पंधरांचा हिशेब चुकता करतं.

आता या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते. १९३९ पासून छापलेली बॅटमॅनची प्रत्येक गोष्ट एकाच माणसाच्या आयुष्यात, साधारण पंधरा वर्षांत, खरोखर घडली असं मॉरिसन धरून चालतात. पन्नाशीच्या दशकातले परग्रहवासी, बॅट-माइट नावाचा बुटका, सगळं आलं. बाकीच्या लेखकांनी तो काळ लाजून माळ्यावर टाकला होता, यांनी खाली काढून झटकला. ज्या प्रकरणांचा अर्थ लागला नाही, ती ब्रूस एका काळ्या वहीत टिपून ठेवतो, अशी सोय केली. विषारी वायू, थकवा, मेंदूवर झालेले प्रयोग यांतून दिसलेले भास, असं त्यांचं स्पष्टीकरण.

यातच तुमचं पहिलं उत्तर आहे. १९६३ च्या ‘बॅटमॅन’ अंक १५६ मध्ये बॅटमॅन अंतराळ-वैद्यकाच्या प्रयोगासाठी स्वतःला एकांतकोठडीत कोंडून घेतो आणि बाहेर आल्यावर त्याला रॉबिन मेल्याचे भास होतात. प्रयोग करणाऱ्या डॉक्टरला त्या गोष्टीत नावसुद्धा नाही. मॉरिसननी त्या निनावी डॉक्टरला नाव दिलं, सायमन हर्ट. प्रयोगाच्या वेळी त्याने ब्रूसच्या मनात एक परवलीचा शब्द पेरला, ‘झुर-एन-आर्ह’. हा शब्द ६५५ पासून गोथमच्या, म्हणजे बॅटमॅनच्या शहराच्या, भिंतींवर रंगवलेला दिसतो, पण कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

पोशाखही तिथलाच. १९५८ च्या अंक ११३ मध्ये झुर-एन-आर्ह नावाच्या ग्रहावरचा बॅटमॅन हेच तीन रंग घालतो आणि बॅट-रेडिया नावाचं यंत्र वापरतो. मॉरिसनच्या हिशेबात हा ब्रूसने स्वतःच तयार ठेवलेला राखीव बॅटमॅन. मन कुणी मोडलंच तर त्याच्या जागी उभा राहणारा. म्हणून तो अंक ६७८ मध्ये रस्त्यावर बेवारस भटकता भटकता अचानक त्या वेशात उभा राहतो, आणि हातातला मोडका रेडिओ हीच बॅट-रेडिया.

गाळलेला भाग अंक ७०१-७०२ मध्ये आहे, नावच ‘द मिसिंग चॅप्टर’. २०१० मध्ये आला. तो ‘टाइम अँड द बॅटमॅन’ या पुस्तकात मिळेल. आणि मरण (म्हणजे मरण म्हणायचं ते) ‘फायनल क्रायसिस’ या शेजारच्या मालिकेच्या सहाव्या अंकात. तिथे बॅटमॅन डार्कसाइड या महाखलनायकावर बंदूक चालवतो आणि त्याच्या ओमेगा किरणांत सापडतो. तुमच्या पुस्तकातले ६८२-६८३ हे खरं म्हणजे त्या मालिकेचे तुकडे. नीट क्रम असा: ‘फायनल क्रायसिस’ १ ते ३, मग ‘सुपरमॅन बियाँड’चे दोन अंक, ‘सबमिट’, परत ‘फायनल क्रायसिस’ ४-५, मग हे ६८२-६८३, आणि शेवटी ६-७. पुस्तकात ते ६८१ ला चिकटवून छापलेत, म्हणून नदीतून थेट यंत्रात.

तिरपी_चौकट

जुना_अंक यांनी सगळं बरोबर सांगितलं, आणि नेमकं तेच माझं म्हणणं आहे. एक पुस्तक कळायला आधीचे पंधरा अंक, १९५८ चा एक, १९६३ चा एक, दोन वर्षांनी आलेले दोन आणि शेजारच्या मालिकेचे सात लागत असतील, तर हा गृहपाठ झाला. साठच्या दशकात प्रत्येक चौकटीखाली चांदणी टाकून ‘पाहा अंक अमुक’ लिहायचे. इथे संदर्भ जुन्याच अंकांचे, चांदणी मात्र गायब.

आणि गृहपाठ करूनही काही गोष्टी लंगड्याच राहतात. हर्ट कोण, याचं पुरतं उत्तर ‘आर.आय.पी.’मध्ये नाहीच. सैतान असल्यासारखा बोलतो, ब्रूसचा बाप थॉमस वेन असल्याचा दावा करतो आणि जातो. खरं उत्तर ‘बॅटमॅन अँड रॉबिन’च्या १३ ते १६ अंकांत आणि ‘द रिटर्न ऑफ ब्रूस वेन’मध्ये, २०१० साली: तो अठराव्या शतकातला वेन घराण्याचाच एक थॉमस. दोन वर्षं वाचकाला टांगून ठेवून मग सांगायचं की खुंटी शेजारच्या खोलीत आहे.

दुसरं, बॅटमॅनला सगळं आधीच ठाऊक असतं. प्रेयसी जेझबेल जेट दगा देणार हे माहीत, विषाचा उतारा माहीत, शवपेटीतून सुटणं माहीत. राखीव मनसुद्धा तयार. मग सहा अंक आपण जीव मुठीत धरून कशाला बसायचं?

तिसरं तालिया, रास अल गुलची मुलगी. १९८७ च्या ‘सन ऑफ द डीमन’मध्ये ब्रूस आणि तालिया राजीखुशीने एकत्र येतात, लग्न मानतात. मॉरिसनकडे तेच प्रकरण गुंगीचं औषध देऊन झालेलं होतं, आणि ‘बॅटमॅन इन्कॉर्पोरेटेड’पर्यंत ती पोटच्या पोरावर त्याचाच वाढवलेला क्लोन सोडणारी बाई झालेली असते. वर्षानुवर्षं घडलेलं गुंतागुंतीचं पात्र खलनायिकेच्या साच्यात ओतून टाकलं.

ही खोड बॅटमॅनपुरती नाही. मार्व्हलच्या ‘न्यू एक्स-मेन’मध्ये झॉर्न हे पात्र म्हणजेच खलनायक मॅग्नेटो हा धक्का २००३ च्या अंक १४६ मध्ये दिला. धक्का उत्तम. पण मॉरिसन गेल्यावर मार्व्हलने तो झॉर्न वेगळा आणि मॅग्नेटो वेगळा असं करून पुसून टाकला. मोडतोड करून पुढच्याच्या अंगणात टाकायची, मग पुढचा झाडू घेऊन बसतो.

शाईची_बाटली

कथेवर भांडताय, चित्राबद्दल कुणी बोलतच नाही. मॉरिसनचा निम्मा वाद तिथे आहे.

ते अर्धी माहिती पार्श्वभूमीला ठेवतात: भिंतीवरचा शब्द, मागे उभा माणूस, दोन चौकटींमध्ये न दाखवलेली घटना. अशी संहिता चित्रकाराने सांभाळली तर सोनं होतं, नाहीतर वाचकाला पान गाळल्यासारखं वाटतं. ‘आर.आय.पी.’ टोनी डॅनियल यांनी काढलंय. त्यांची पद्धत ठसठशीत, मारामारी छान, पण पात्रं कायम ताणलेल्या चेहऱ्याने उभी. ऑनर जॅक्सन हा बेघर माणूस ब्रूसला शहरभर फिरवतो आणि मागाहून कळतं की तो आधीच मेलेला होता. काहीतरी बिनसलंय ही शंका आधी चित्रातून यायला हवी होती. तिथे ती येत नाही, संवादातून कळते.

आता ‘ब्लॅक ग्लव्ह’मधले ६६७ ते ६६९ काढून बघा. जे. एच. विल्यम्स तिसरे यांनी निरनिराळ्या देशांचे बॅटमॅन वेगवेगळ्या दशकांच्या रेखाटनशैलीत काढलेत. एकाच पानावर दोन शेजारी उभी पात्रं दोन काळांत छापल्यासारखी दिसतात. ‘सगळ्या गोष्टी खऱ्या’ हे मॉरिसनचं म्हणणं तिथे एकही वाक्य न खर्चता पटतं. (ही मंडळी १९५५ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २१५ मधली.)

आणि ‘बॅटमॅन अँड रॉबिन’चे पहिले तीन अंक, २००९, चित्रं फ्रँक क्वाइटली. स्फोट होतो तेव्हा ‘बूम’ हा शब्द वर चिकटवलेला नाही, ज्वाळांचाच तो आकार. चौथ्या अंकापासून फिलिप टॅन येतात आणि तीन अंक तेच लिखाण गढूळ लागतं. सातव्याला कॅमेरॉन स्टुअर्ट, परत श्वास मोकळा. लेखक तोच, सलग अंक, फरक फक्त हाताचा. ‘न्यू एक्स-मेन’मध्येही तेच: क्वाइटली वेळेत देऊ शकत नाहीत म्हणून इगोर कोर्डे यांना घाईघाईने अंक काढावे लागले आणि शिव्याही त्यांनाच बसल्या.

त्यामुळे ‘मॉरिसन आवडतो का’ विचारण्याआधी ‘कुणी काढलेला मॉरिसन’ हे विचारा.

जुना_अंक

तिरपी_चौकट, तालियाबद्दल मान्य. तिथे बचाव करण्यासारखं काही नाही. ‘सगळं आधीच ठाऊक’ याबद्दल नाही. ६८० मध्ये जोकर नेमकी हीच थट्टा करतो, की जगात सगळीकडे काहीतरी अर्थ आहे, धागा आहे, हा तुझा हट्टच सगळ्यात मोठा विनोद आहे. काळा-लाल, पत्त्यांचे एक्के-अठ्ठे, असा माग काढत बॅटमॅन तिथवर येतो आणि जोकर म्हणतो मागबीग काही नाही. तो टोला वाचकालाही आहे, भिंतीवरचे शब्द शोधत बसणाऱ्या तुम्हा-आम्हाला.

६६३ वा अंक मात्र पहिल्या वाचनात वगळा असंच मी सांगेन. त्यात चौकटी नाहीत, पानंच्या पानं गद्य आणि संगणकावर घडवलेली थंड चित्रं. जोकरला ठरलेलं ‘स्व’ नाही, तो दर काही वर्षांनी कात टाकतो, ही कल्पना महत्त्वाची आहे, पण वाक्यागणिक चार उपमा सोसत तिथवर जावं लागतं. ६५५ मध्ये बॅटमॅनच्या वेशातला पोलीस जोकरच्या तोंडावर गोळी झाडतो आणि ६६३ हा त्यानंतरचा जोकर, एवढं लक्षात असलं तरी भागतं.

दुपारचा_वाचक

आभार. मग मागे जाऊन ६५५ पासून धरू की पुढे जाऊ? आणि मॉरिसननी महाभारतावर केलेलं काम कसं आहे? ते तरी संदर्भांशिवाय कळेल ना!

शाईची_बाटली

पुढे जा. ‘बॅटमॅन अँड रॉबिन’चं पहिलं पुस्तक घ्या. ब्रूस नाही, पहिला रॉबिन डिक ग्रेसन बॅटमॅन झालाय आणि ब्रूस-तालियाचा दहा वर्षांचा मुलगा डेमियन रॉबिन, एवढं पुरे. नेहमीची जोडी उलटी: बॅटमॅन हसतमुख, रॉबिन तुसडा. ज्यांनी इंद्रजालमधला वेताळ वाचलाय त्यांना मुखवटा एकाने उतरवून दुसऱ्याने चढवणं नवीन नाही. तिथे एकविसावा वेताळ आधीच्या वीस जणांचं ओझं सहज वागवतो, इथे दुसऱ्यालाच ते जड जातं आणि गंमत त्यातच आहे. मग आवडलं तर ६५५ ला परत या. डेमियन ओळखीचा झाला की ‘बॅटमॅन अँड सन’ वेगळं वाचलं जातं.

महाभारताचं म्हणजे ‘१८ डेज’. २०१० मध्ये आलेलं पुस्तक म्हणजे मुख्यतः संहिता आणि मुकेश सिंग यांची चित्रं. ती चित्रं अफाट आहेत: रथ की यंत्र ते कळू नये असे रथ, चिलखतं उजळलेली. प्रत्यक्ष कॉमिक २०१५ पासून ग्राफिक इंडियाने काढलं, चित्रकार जीवन कांग. सुरुवात मॉरिसनची, पुढे लेखक बदलले. युद्धाच्या अठरा दिवसांवरच गोष्ट उभी आहे. द्यूत, वनवास वगैरे ओझरते. आपल्याला ते ओझरतं पुरतं, कारण गृहपाठ आजीकडून झालेला असतो. परक्या वाचकाची तिथे तीच गत, जी तुमची ‘आर.आय.पी.’मध्ये झाली.

तिरपी_चौकट

हे शेवटचं वाक्य माझ्या बाजूने धरतो.

तरी एक पान सोडून द्या म्हणतो. ६८१ चं शेवटचं पान परत उघडा. सिनेमा सुटलाय, झोरोचा. लहान ब्रूस आई-बापाबरोबर बाहेर पडतोय आणि बाप सहज म्हणतो की झोरोसारखा माणूस खरंच असता तर त्याला अर्कममध्ये, म्हणजे गोथमच्या वेड्यांच्या इस्पितळात, टाकला असता. ‘झोरो इन अर्कम’, आणि मागे ती गल्ली जिथे आई-बाप मरणार. आता ‘झुर-एन-आर्ह’ मोठ्याने म्हणून बघा. पोराच्या कानात राहिलेले बापाचे शेवटचे शब्द, अर्धवट ऐकलेले. तुमच्या हातात आहे त्या पुस्तकात आहे, आधीचा एकही अंक लागत नाही. बाकी दीडशे पानं अशीच का लिहिली नाहीत, एवढीच माझी तक्रार.