‘समस्थिती’ म्हणावे की ‘संतुलन’?

विचारणा (जळगाव) : बाहेर कितीही बदल झाले तरी सजीव आपल्या शरीरातील तापमान, पाणी, क्षार व साखर ठरावीक मर्यादेत राखतात. या क्रियेला कोणी ‘समस्थिती’ म्हणतात, कोणी ‘संतुलन’. वर्गात शिकवताना कोणता शब्द वापरावा?

उत्तर (भुसावळ) : माझे मत ‘समस्थिती’च्या बाजूचे आहे. तराजूची दांडी एकदा समपातळीत आली की तिथे राहण्यासाठी तिला काही खर्च करावा लागत नाही, आणि ‘संतुलन’ म्हणताच मनात तीच निश्चलता येते. शरीराला मात्र ही स्थिती क्षणोक्षणी राबून टिकवावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसला टेकतो, तेव्हा बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम असल्यामुळे उष्णता उलट शरीरातच शिरू लागते. अशा वेळी आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायला घामाखेरीज मार्ग उरत नाही. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. खान्देशातील कोरड्या हवेत तो इतक्या लवकर वाळतो की अंग ओले दिसत नाही, आणि म्हणूनच किती पाणी गेले याचा अंदाज माणसाला येत नाही. या शरीराचे बाहेरच्या हवेशी खरोखर ‘संतुलन’ झाले, तर ते जिवंत राहणार नाही.

‘होमिओस्टॅसिस’ (homeostasis) ही मूळ इंग्रजी संज्ञा वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये वापरात आणली. तिच्यातील ‘होमिओ’ या पूर्वपदाचा अर्थ ‘तोच’ असा नसून ‘त्यासारखा’ असा आहे, आणि ही निवड त्याने जाणीवपूर्वक केली होती. रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) ७.३५ ते ७.४५ या पट्ट्यात हलता राहतो, तो एका आकड्यावर खिळलेला नसतो. त्यामुळे ‘सम’ याचा अर्थ ‘अचल’ असा घेऊ नये, आणि क्रियापद ‘असणे’ऐवजी ‘राखणे’ योजावे.

येथे आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. संसर्गाने ताप येतो तेव्हा मेंदूतील नियंत्रणकेंद्र आपली ठरलेली पातळीच वर नेते. शरीर त्या नव्या पातळीला पोहोचू पाहते, म्हणून अंग तापण्याआधी थंडी वाजते. उष्माघातात पातळी तीच राहते, पण ती राखण्याची शक्ती संपते. पहिल्या बाबतीत समस्थिती ‘सरकली’ म्हणावे, दुसऱ्या बाबतीत ‘ढासळली’. आपण बोलताना ‘ऊन लागून ताप आला’ असे सर्रास म्हणतो, परंतु तापावरच्या नेहमीच्या गोळ्या ती सरकलेली पातळी खाली आणण्याचे काम करतात आणि म्हणूनच उष्माघातात त्यांचा उपयोग होत नाही. तिथे रुग्णाचे अंग ताबडतोब थंड करून त्याला दवाखान्यात न्यावे लागते.

पुरवणी विचारणा (रावेर) : केळीच्या बाबतीत हा शब्द चालेल का? भर दुपारी केळीच्या पानाच्या दोन्ही बाजू मधल्या शिरेशी दुमडून खाली झुकतात, आणि ऊन कलल्यावर पुन्हा पसरतात.

उत्तर (भुसावळ) : अवश्य चालेल, मात्र ‘पाण्याची समस्थिती’ असे पूर्ण लिहावे. पान दुमडल्याने त्यावर पडणारे ऊन कमी होते आणि पाण्याची वाफ होणेही घटते. पाणी कमी पडले की पर्णरंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे) मिटतात, पण त्यासरशी पानाला गारवा देणारे बाष्पोत्सर्जनही (पानातून पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडणे) मंदावून पान अधिक तापते. झाड येथे पाणी राखते आणि तापमान काहीसे वाढू देते, म्हणून नुसते ‘केळीची समस्थिती’ असे लिहिल्यास अर्थ अपुरा राहील.