शब्दचर्चा: आयआरसीवरचे किक, बॅन, व्हॉइस, नोटीस यांना मराठीत काय म्हणावे?

भांडुपची

आमच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या गटाचे आयआरसीवर, म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारायच्या व्यवस्थेवर, चॅनेल (गप्पांची खोली) आहे. नव्याने येणाऱ्या मुलांना जॉइन करणे, निक (टोपणनाव) बदलणे, खाजगी निरोप धाडणे एवढे येते. त्यापुढच्या आज्ञांची मराठी पुस्तिका करायला घेतली आहे. आज्ञा रोमन लिपीतच टाइप करायच्या, तो प्रश्न नाही. अर्थ सांगताना कोणते शब्द वापरावेत, हा प्रश्न आहे. कच्च्या मसुद्यात सध्या असे आहे: किक म्हणजे लाथ मारणे, बॅन म्हणजे तडीपार करणे, व्हॉइस म्हणजे आवाज देणे, इग्नोर म्हणजे दुर्लक्ष करणे, नोटीस म्हणजे नोटीस, क्वेरी म्हणजे चौकशी. 'तडीपार' मला मनापासून आवडलाय. बाकीच्यांबद्दल तुमचे मत हवे आहे.

गिरणगाव

विषय काढलात ते फार बरे केलेत. आयआरसी १९८८ मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी तयार केले, आणि त्याच्या आज्ञांची नावे बरीचशी तेव्हापासून तशीच आहेत. १९९३ च्या आरएफसी १४५९ या दस्तऐवजात ती नोंदलेली आहेत. आपल्याकडे नव्वदीच्या अखेरीस मुंबईतल्या सायबर कॅफेंमध्ये एमआयआरसी हा आयआरसीचा प्रोग्राम उघडून बसणारी एक पिढीच होती. पण ते सगळे आज्ञा बघून-बघून शिकले. मराठीत कोणी नीट समजावून लिहिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून शब्द निवडताना घाई नको.

माझी कसोटी एकच. एंटर दाबल्यावर नेमके काय होते, कोणाच्या यंत्रावर होते आणि ते कोणाला दिसते, हे शब्दातून कळले पाहिजे. इंग्रजी शब्दाचा कोशातला अर्थ इथे कामाचा नाही.

तुमचा आवडता 'तडीपार' आधी घेते. शब्द अस्सल मुंबईचा आहे, वर्तमानपत्रात रोज दिसतो, यात वाद नाही. पण १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली तडीपारी होते ती एका ठरावीक माणसाची, ठरावीक हद्दीतून आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आणि तो माणूस हद्दीबाहेर जातोच. आयआरसीवरच्या बॅनमध्ये यातले फक्त हद्दीचे साम्य आहे. पहिली गोष्ट, बॅन लावल्याने कोणी बाहेर जात नाही. /मोड या आज्ञेने +बी ही बॅनची खूण लावलीत आणि तो माणूस आधीपासून चॅनेलमध्ये बसलेला असेल, तर तो बसूनच राहतो. त्याला बोलता येत नाही, पण वाचता सगळे येते. बाहेर काढायला /किक वेगळी द्यावी लागते. नुसती किक दिली तर तो पुढच्या क्षणी परत जॉइन करू शकतो. म्हणून आधी बॅन, मग किक, असा क्रम असतो. पुस्तिकेत 'तडीपार' वाचलेला मुलगा +बी लावून निर्धास्त होईल आणि समोरचा तिथेच असेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बंदी माणसावर नसते, वर्णनावर असते. ते वर्णन 'टोपणनाव!वापरकर्ता@यंत्र' अशा तीन भागांचे असते, आणि त्यात * म्हणजे काहीही, ? म्हणजे कोणतेही एक अक्षर. नुसत्या टोपणनावावर बंदी घातलीत तर तो नाव बदलून दोन मिनिटांत हजर. म्हणून लोक पहिले दोन भाग * ठेवतात आणि यंत्राच्या पत्त्यावर बंदी घालतात. इथे आपल्या शहराची अडचण येते. कॉलेजच्या लॅबमधली सगळी यंत्रे बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात. मोबाइल कंपन्याही एकेक पत्ता पुष्कळ ग्राहकांना मिळून देतात. एका उपद्रवी पोरासाठी घातलेली बंदी अख्ख्या लॅबवर बसते. आणि तिन्ही जागी * टाकलात तर बंदी सगळ्या जगावर. अशा वेळी बहुतेक सर्व्हरांवर +ई ने एखाद्या वर्णनाला सूट देता येते.

म्हणून माझ्या मते बॅनला 'प्रवेशबंदी' म्हणा, आणि पुढच्याच वाक्यात 'आत असलेल्याला बाहेर काढत नाही, फक्त गप्प करते' हे लिहा. वर्णनाच्या त्या नमुन्याला 'साचा' म्हणता येईल. किकला 'लाथ' नको. लाथ मारण्यात अपमान आहे, आणि इथे ते कामाचे साधन आहे. 'बाहेर काढणे' पुरेसे आहे. वर्गात मास्तर म्हणायचे, "बाहेर हो". त्यात परत येण्याची शक्यता शिल्लक असते, किकमध्येही असते.

'आवाज देणे' मात्र ताबडतोब काढा. आपल्याकडे "खाली उतरलास की आवाज दे" म्हणजे हाक मार. "मी त्याला आवाज दिला" असे ऑप (चॅनेल सांभाळणारा) म्हणाला तर प्रत्येक मुंबईकर समजेल की त्याने हाक मारली. +व्ही चा अर्थ आहे बोलण्याची मुभा, आणि ती चॅनेलवर +एम लागलेले असतानाच खऱ्या अर्थाने उपयोगी. +एम असले की फक्त ऑप आणि मुभा मिळालेले बोलू शकतात, बाकीचे ऐकतात. पाहुण्यांचे व्याख्यान ठेवलेत तर हीच सोय लागते: चॅनेलला +एम, पाहुण्याला +व्ही, प्रश्नोत्तरांच्या वेळी -एम. नावापुढे @ दिसले तर ऑप, + दिसले तर मुभा मिळालेला, हे जाता जाता सांगून टाका.

पार्लेकर

इतका खटाटोप कशाला? आम्ही चॅनेलवर "त्याला किक कर", "मला ऑप दे" असेच म्हणतो आणि सगळ्यांना समजते. मराठी शब्द आणले की मुलांना दोन-दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील.

गिरणगाव

बोलण्यात तसेच राहू द्या, मी आड येत नाही. ऑप तर मराठीत रुळलाच आहे. 'ऑपने', 'ऑपला', 'ऑपकडे' अशी रूपे सहज होतात, त्याला 'संचालक' करण्यात काही मिळत नाही. चॅनेललाही हात लावू नये, 'वाहिनी' म्हटले की टीव्ही डोळ्यांसमोर येतो. पण पार्लेकर, ज्याला किक म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याला "किक म्हणजे किक करणे" सांगून चालेल का? पुस्तिका त्याच्यासाठी आहे. आणि तुमच्या ओळखीच्या किती जणांना ठाऊक आहे की बॅनने माणूस बाहेर जात नाही? इंग्रजी शब्दामुळेच हा गैरसमज पसरतो.

पार्लेकर

हे मान्य. मलाही बराच काळ तेच वाटायचे. मग नोटीस आणि इग्नोरचे काय?

गिरणगाव

'नोटीस' मराठीत वाईट बातमी घेऊन येते. सोसायटीची नोटीस, वकिलाची नोटीस, महापालिकेची नोटीस. मुलाच्या पडद्यावर ओळ उमटली आणि पुस्तिकेत 'नोटीस' लिहिलेले असले तर तो उगाच धास्तावेल. 'सूचना' म्हणावे. पण खरा फरक वेगळाच आहे आणि तो लिहायलाच हवा: /नोटीस ला आपोआप उत्तर द्यायचे नाही, असा नियम आहे. एका बॉटने (आपोआप बोलणाऱ्या प्रोग्रामने) दुसऱ्याला साधा निरोप पाठवला, त्याने उत्तर दिले, पहिल्याने त्या उत्तराला उत्तर दिले, की ते थांबतच नाहीत. म्हणून बॉट लिहिणाऱ्याने उत्तर नोटीसनेच द्यावे. 'उत्तर न मागणारी सूचना' हे मला सगळ्यात नेमके वाटते.

'दुर्लक्ष' मात्र तुमच्या यादीतला सर्वांत चांगला शब्द आहे, तसाच ठेवा. /इग्नोर आपल्या यंत्रावर होते. समोरच्याला काही कळत नाही, त्याचे बोलणे बाकी सगळ्यांना दिसत राहते, सर्व्हर ते आपल्याकडेही पाठवतो, आपला प्रोग्राम ते दाखवत नाही एवढेच. मराठीतले दुर्लक्ष असेच असते. ऑप होण्याआधी मुलांना हीच आज्ञा शिकवा. भांडण मिटवायला बहुतेक वेळा तेवढी पुरते आणि कोणाला बाहेर काढावे लागत नाही.

'चौकशी' चुकीचा. /क्वेरी ने कोणाची काही चौकशी होत नाही, त्या व्यक्तीशी बोलण्याची वेगळी खिडकी उघडते. 'खाजगी खिडकी' म्हणा. 'चौकशी' हा शब्द /हूइज साठी राखून ठेवा, तिथे तो चपखल बसतो: कोण आहे, कोणत्या सर्व्हरवर आहे, कधीपासून गप्प आहे.

आणि निकसर्व्हचा (टोपणनावांची नोंद ठेवणाऱ्या सेवेचा) पासवर्ड चॅनेलच्या खिडकीत कधीच टाइप करू नये, हे ठळक अक्षरांत छापा. सुरुवातीचा स्लॅश राहिला किंवा त्याआधी एक जागा सुटली, तर अख्खी ओळ पासवर्डसकट सगळ्यांसमोर जाते. सर्व्हरच्या खिडकीत लिहायची सवय लावा.

भांडुपची

'तडीपार' सोडवत नाही, पण पटले. प्रवेशबंदी घेते. आणखी एक: चॅनेलचा टॉपिक आम्ही मराठीत लावला तर शेवटची अक्षरे तुटतात आणि प्रश्नचिन्हाचे चौकोन दिसतात. फॉन्ट बदलून पाहिला, उपयोग नाही.

गिरणगाव

फॉन्टचा दोष नाही. आयआरसीची एक ओळ ५१२ बाइटांची, त्यातले शेवटचे दोन ओळ संपल्याच्या खुणेला. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे स्वतंत्र चिन्ह मोजले जाते. 'महाराष्ट्र' लिहिलेत तर म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी दहा चिन्हे झाली, म्हणजे तीस बाइट. शिवाय पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि चॅनेलचे नाव त्याच ओळीत बसवायचे असते. मराठीला सव्वाशे-दीडशे चिन्हांच्या आसपासच जागा उरते. सर्व्हर बाइट मोजून कापतो, अक्षर बघून नाही. तीनपैकी दोन बाइट राहिले की तो चौकोन उमटतो.

टॉपिकची मर्यादा त्याहूनही कमी असू शकते. जोडणी होताना सर्व्हर जी यादी दाखवतो त्यात 'टॉपिकलेन' पुढचा आकडा पाहा आणि त्याला तीनने भागा. बैठकीची वेळ आणि पुस्तिकेचा दुवा एवढेच टॉपिकमध्ये ठेवा, नियम पुस्तिकेत जाऊ द्यात. आणि टॉपिकला पुस्तिकेत 'विषय' म्हणू नका, 'फलक' म्हणा. त्या जागी गप्पांचा विषय क्वचितच असतो, सूचनाच असतात. +टी लावलेत की तो फलक फक्त ऑपला बदलता येतो, तेही लगेच करून टाका.