भरपूर ऊन असलेल्या भागात सोलर: बॅटरी किती मोठी घ्यावी?

रानवारा:
नमस्कार. आमच्याकडे वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असतं. गच्ची मोठी आहे, विहिरीवर मोटर आहे आणि दिवसा लाईट वरचेवर जाते. सोलर बसवायचं ठरतंय, पण जो तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो, ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त. दुसरा म्हणतो, मोठी बॅटरी नसेल तर सगळं वाया. फ्रीज, पंखे, दिवे, एक एसी, मोटर आणि आंघोळीचं गरम पाणी, एवढा वापर आहे. बॅटरी किती घ्यावी?

सौरमिस्त्री:
मी पॅनल बसवतो आणि इतरांनी बसवलेल्यांची दुरुस्तीही करतो. बॅटरीचा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या, असं माझं ठाम मत आहे. आधी बघा, कोणकोणती कामं ऊन असतानाच उरकता येतात.

मोटर सोलरवर दिवसा चालवा आणि टाकी मोठी ठेवा. रात्री लागणारं पाणी दुपारीच वर चढलं, तर त्यासाठी वीज साठवायची गरजच उरत नाही. ही युक्ती नवीही नाही. अमेरिकी संशोधक फ्रँक शूमन यांनी १९१३ साली इजिप्तमध्ये कैरोजवळच्या मादी इथे आरशांनी ऊन एकवटून वाफेचं इंजिन चालवलं आणि नाईलचं पाणी शेतांना उपसून दिलं. पॅनलमध्ये असतो तसा सिलिकॉनचा सौर घट, म्हणजे सेल, अमेरिकेच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेने जगाला दाखवला तो त्यानंतर, १९५४ मध्ये, आणि त्याची कार्यक्षमता होती जेमतेम ६ टक्के.

गरम पाण्यासाठी सोलर वॉटर हीटर वेगळा घ्या. पॅनल उन्हातली २०-२२ टक्के ऊर्जा विजेत बदलतं, हीटर मात्र निम्म्याहून जास्त ऊर्जा थेट पाण्यात उतरवतो. आधी वीज करायची आणि मग त्या विजेवर गीझर चालवायचा, यात गच्चीची जागा उगाच अडते.

एसी ऐन दुपारी लागतो, म्हणजे तो उन्हाबरोबरच चालतो. रात्रीसाठी उरलं काय? ३० वॉटचे चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आठ तास, म्हणजे साधारण एक युनिट. दिवे पाव युनिट, फ्रीज अर्धं. दोन युनिटांच्या आतच भागतं. त्याला लिथियमची अडीच युनिटांची बॅटरी पुरते. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून ती चार युनिटांची लागेल. एसी रात्रभर चालवायचा असेल तर मात्र हा हिशोब कित्येक पट वाढतो.

आता कडक उन्हाबद्दल. पॅनलला लागतो तो उजेड, उष्णता त्याला बाधते. पॅनलवर लिहिलेले वॉट हे सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. हवा ४० अंश असेल तर दुपारी सेल सहज ६५ पर्यंत तापतो. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे २५ वरून ६५ या ४० अंशांच्या वाढीला १४ टक्के. चिलीच्या अटाकामा वाळवंटात ऊन प्रखर आणि उंचावरची हवा थंड, त्यामुळे तिथे पॅनलला दोन्हीकडून फायदा मिळतो. तुमच्या हातात एवढंच आहे की पॅनल छताला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या. पत्र्यावर सपाट ठोकलेली पॅनल बघितली की मला फार वाईट वाटतं.

भिंगरी:
एक गोष्ट राहिली. दिवसा लाईट जाते म्हणताय, तर साधं ऑनग्रीड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं सोलर, घेऊ नका. आमच्याकडे तेच आहे. बसवणाऱ्याने आधी काही सांगितलं नव्हतं. लाईट गेली की भर उन्हात घरही बंद.

सौरमिस्त्री:
अगदी महत्त्वाचं बोललात. लाईन बंद असताना घरातून उलटी वीज तारांत गेली तर खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल. म्हणून ऑनग्रीड इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, आणि थांबायलाच हवा. रानवारा, तुम्हाला हायब्रीड इन्व्हर्टर लागेल. लाईट गेली की तो घर लाईनपासून तोडतो आणि पॅनल-बॅटरीवर चालू ठेवतो. त्यासाठीही वर सांगितली तेवढी बॅटरी चालेल, फक्त एसी ओढण्याइतका जोर ती देऊ शकते का हे विचारून घ्या. ती सावलीत, हवेशीर जागी ठेवा. लेड-ॲसिडचं आयुष्य दर १० अंश वाढीमागे जवळपास निम्मं होतं.

मोटर या इन्व्हर्टरवर टाकू नका. सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते. तिला वेगळी पॅनल आणि ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, द्या. ढग आला तर ड्राइव्ह वेग कमी करतो, पाणी कमी येतं, पण मोटर चालू राहते.

रानवारा:
खूप आभार. इकडे धूळ भरपूर आहे. आणि टाकीची सावली सकाळी गच्चीच्या एका कोपऱ्यावर पडते.

सौरमिस्त्री:
त्या कोपऱ्यात हीटरची टाकी ठेवा, पॅनल नको. पॅनलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवरच्या सावलीनेसुद्धा पॅनलचा मोठा भाग निकामी होतो. धुळीसाठी निदान १०-१५ अंश उतार द्या. पॅनल पहाटे, गार असतानाच मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच मारू नका. विहिरीचं पाणी जड असेल तर क्षारांचे डाग बसतात, म्हणून लगेच कोरडं करा.

मोटर किती एचपीची आहे?

रानवारा:
३ एचपी.

सौरमिस्त्री:
म्हणजे २.२ किलोवॉट. तिला ३ किलोवॉटची पॅनल द्या. घराच्या पॅनलचा आकडा ठरवण्याआधी काही दिवस मीटरचं रीडिंग सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला लिहून इथे टाका. दिवसाचा आणि रात्रीचा वापर वेगळा दिसला की पुढचं सांगतो.