तपासणीच्या रांगेत तुमच्यावर काय प्रसंग आला?

परवा आईबरोबर विमानतळावर होतो. दारातून जाताना बीप झालं. बाई म्हणाल्या, मंगळसूत्र काढून ट्रेमध्ये ठेवा. आईने चाळीस वर्षांत ते उतरवलेलं नाही, ती नुसती उभीच राहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात दुसऱ्या कर्मचारी बाई आल्या, तिला पडद्याआड नेलं, हातातलं यंत्र फिरवलं, दोन मिनिटांत बाहेर. म्हणजे जमत होतं की!

आणि मला एकदम २००२ आठवलं. अमेरिकेतल्या हल्ल्यांना वर्षही झालं नव्हतं, तिथेच होतो, दाढी ठेवायचो. सलग तीन प्रवासांत 'सहज निवड' म्हणून मलाच बाजूला काढलं. चौथ्या वेळी दाढी काढून गेलो. काढ असं कोणी म्हटलं नव्हतं, मीच काढली. ते जास्त लागलं.

तुमचे अनुभव लिहा. राजकारण नको, प्लीज.

---

दाढी परत वाढवलीत का ते आधी सांगा

---

ऑफिसातला सरदार मित्र पगडीला कुणाला हात लावू देत नाही. स्वतःच चाचपतो, मग त्याच्या हातांवर पट्टी फिरवून स्फोटकांचा अंश बघतात. अमेरिकेत ही सोय आहे, पण मागावी लागते, आपणहून सांगत नाहीत. तो म्हणतो तपासा ना, चारचौघांत सोडायला लावू नका एवढंच.

---

आणि कृपाण? माझी इवलीशी कात्री काढून घेतली होती!! हलकेच घ्या.

---

^ भारतात देशांतर्गत विमानात चालतं, पातं ६ इंच, एकूण ९ इंचांपर्यंत. २०२२ चा नियम. कात्रीला धर्म नाही, काय करणार

---

मी सहा वर्षं त्या दुसऱ्या बाजूला उभी होते. बुरख्यातल्या बाईंचा चेहरा ओळखपत्राशी जुळवावाच लागतो, तिथे सूट नाही. पण आडोसा आणि बाईमाणूस असेल तर दहातल्या नऊ जणी काही न बोलता बुरखा वर करतात. भांडण कधी? पाळीला आम्ही दोघींऐवजी एकच असू आणि मागून साहेब "लवकर आटपा" म्हणत असेल तेव्हा. एकदा मीही एका आजींवर खेकसले. त्या काही बोलल्या नाहीत, पदर सारखा करून गेल्या. अजून आठवतं. बाकी नंतर लिहिते, बस आली.

---

+१ वरच्या ताईंना. बाजू पहिल्यांदाच कळली

---

जाता जाता, २००१ च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं लपवली आणि अमेरिकेत पुढे सगळ्यांनाच बूट काढायला लावले. ते बंद झालं जुलै २०२५ मध्ये! तोवर माझ्या फाटक्या मोज्यांचं जगभर दर्शन झालं.

---

माझ्या खुब्यात धातू आहे, दर वेळी वाजते. पूर्वी एका स्कॅनरमध्ये अंगाचं चित्रच दिसायचं म्हणे, अमेरिकेने ती यंत्रं २०१३ मध्ये काढली. आता नुसती बाहुली दिसते, खुब्यावर पिवळा चौकोन. चालेल मला. फक्त "काय झालं होतं?" हे मोठ्याने नका विचारू हो, मागे अख्खी रांग कान टवकारते.

---

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

---

खुबा कधी बदललात? माझ्या सासूबाईंचा करायचाय, व्यक्तिगत निरोप पाठवू का?

---

धागाकर्ता: दाढी वाढवली, २०१९ ला. पांढरीच उगवली. आता कोणी बाजूला घेत नाही, उलट व्हीलचेअर हवी का विचारतात.