मदत हवी आहे: ट्यूबच्या टीव्हीवर जुने व्हिडिओ गेम खेळताना चित्राच्या कडा कापल्या जातात

मिरजेची_मीनल

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २१ इंची ट्यूबचा कलर टीव्ही आहे, २००२ च्या दिवाळीत घेतलेला. रंग अजून झकास आहेत. गणपतीत भाऊ घरी येतोय आणि याच टीव्हीवर आम्ही दोघे लहानपणी कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळायचो. तो गेम कधीच बाद झाला. म्हणून रास्पबेरी पाय ३ (छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसते 'पाय') वर रेट्रोपाय (जुने गेम चालवायचे सॉफ्टवेअर) टाकून टीव्हीला जोडले आहे. केबल एका बाजूला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी-पिवळी अशी आहे. (पिवळ्या पिनेवर काहीच येत नव्हते, लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात घातल्यावर चित्र आले.)

अडचण अशी, की चारही कडांनी चित्र कापले जाते. सुपर मारिओमध्ये वर 'मारिओ', 'वर्ल्ड', 'टाइम' अशी जी ओळ असते, तिचा वरचा अर्धा भाग दिसत नाही. अक्षरांचे फक्त पाय दिसतात. त्याखालचा स्कोअर मात्र पूर्ण दिसतो. मारिओ डावीकडे कडेला गेला की जवळजवळ गायब होतो. गेम निवडायच्या मेनूत तळाला बटणांच्या सूचनांची ओळ असते, तीही निम्मी खाली गेली आहे.

टीव्हीच्या मेनूत ब्राइटनेस, कलर, शार्पनेस एवढेच आहे, साइझ कमी करायची सोय नाही. गावातल्या एका मेकॅनिकला विचारले तर म्हणाला, मागे उघडून हाइट कमी करून देतो. पण असा चालू स्थितीतला टीव्ही आता पुन्हा मिळायचा नाही, त्यामुळे उघडायला मन धजावत नाही. काही बिघडले तर पार्ट कुठून आणायचे? टीव्हीला हात न लावता पायमधूनच काही करता येईल का? आणि हा टीव्हीचा दोष आहे की नेहमीचे आहे?

सोल्डरगन

मीनलताई, उघडू नका. निदान आत्ता तरी नको.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात आणि ट्यूबच्या प्रत्येक टीव्हीत तो मुद्दाम ठेवलेला असतो. ट्यूबवरचे चित्र एका मापाचे राहत नाही. व्होल्टेज वरखाली झाले, आतले कपॅसिटर जुने झाले की ते थोडे लहानमोठे होते. लहान झाले तर कडेने काळी पट्टी दिसणार आणि गिऱ्हाईक तक्रार करणार. म्हणून कारखान्यातच चित्र चौकटीपेक्षा मोठे लावून ठेवायचे. बातम्यांचे चॅनल, सिनेमावाले, गेम बनवणारे, सगळ्यांना हे ठाऊक होते. महत्त्वाचा मजकूर ते कडेपासून आत ठेवायचे.

पिवळ्या-लालचा घोळ वेगळा आहे. पायच्या भोकात पिनेच्या टोकापासून डावा आवाज, उजवा आवाज, अर्थ (ग्राउंड) आणि शेवटी व्हिडिओ असा क्रम असतो. कॅमेऱ्याच्या केबलींचा क्रम बऱ्याचदा निराळा. अर्थ जागेवर असेल तर पिना अदलाबदल करून काम होते, तुमचे झालेच आहे.

रेषा_२८८

थोडे मोजून बघू, कारण तुमच्या वर्णनात सगळा पुरावा आहे.

या गेमचे चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० रेषा उंच असते. सुपर मारिओत (१९८५) 'मारिओ', 'वर्ल्ड' ही ओळ वरच्या १६ रेषा सोडून सुरू होते आणि ८ रेषांत संपते. तिचा वरचा अर्धा भाग गेला, म्हणजे वरून २० रेषा गेल्या. २४० पैकी २० म्हणजे ८.३ टक्के. एका बाजूने एवढे जात असेल तर ते जास्त आहे. साधारण ५ टक्क्यांच्या आसपास जाणे मी नेहमीचे धरतो.

पण थांबा. रेट्रोपायमधला एमुलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) स्वतःसुद्धा कडा कापतो! त्यात 'क्रॉप ओव्हरस्कॅन' नावाची सोय आहे आणि ती बऱ्याचदा आधीपासून चालू असते. ती वरच्या ८ आणि खालच्या ८ रेषा काढून टाकते आणि उरलेल्या २२४ ताणून पडदा भरते. एलसीडीवर हे ठीक, कारण तिथे कडेचा कचरा दिसतो. तुमच्या टीव्हीवर मात्र आधी एमुलेटर कापणार आणि मग टीव्ही कापणार. तसे असेल तर टीव्हीने फक्त १२ रेषा खाल्ल्या आहेत, २२४ पैकी १२ म्हणजे ५.४ टक्के. मग टीव्ही एकदम ठणठणीत आहे.

पडद्यावर दोन्ही बाबतीत तेच दिसेल, अर्धी ओळ. म्हणून टीव्हीचे माप बदलायच्या आधी कात्री कोणाची हे शोधायला हवे. असे करा: गेम चालू असताना रेट्रोआर्कचा (रेट्रोपायमध्ये एमुलेटर चालवणारा प्रोग्राम) मेनू उघडा, 'व्हिडिओ'मध्ये 'क्रॉप ओव्हरस्कॅन' बंद करा. मग 'कोअर ऑप्शन्स'मध्ये (एमुलेटरच्या स्वतःच्या सेटिंग) उभ्या आणि आडव्या क्रॉपचे वेगळे पर्याय असतील तर तेही बंद करा. गेम बंद करून पुन्हा सुरू करा आणि त्या ओळीचे काय झाले ते इथे लिहा.

मिरजेची_मीनल

केले! 'क्रॉप ओव्हरस्कॅन' चालू होता, कोअर ऑप्शन्समध्ये उभा क्रॉपही चालू होता. दोन्ही बंद केल्यावर 'मारिओ', 'टाइम' अख्खी ओळ दिसते आणि तिच्यावर आकाशाची अगदी बारीक पट्टी आहे. डावी बाजू मात्र तशीच, मारिओ कडेला गेला की फक्त हात दिसतो. मेनूची तळाची ओळही तशीच कापलेली आहे.

रेषा_२८८

छान. हिशोब जुळला: टीव्ही वरून साधारण १३ रेषा झाकतो, ओळ १६ रेषांनंतर सुरू होते, मध्ये तीन रेषांचे आकाश उरते. टीव्हीत दोष नाही. मेकॅनिकला नमस्कार सांगा.

आता रुंदीचे. मूळ मशीन हे २५६ ठिपके पडद्याच्या एका आडव्या रेषेत पूर्ण पसरवत नसे. पालमध्ये (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) दिसणारी रेषा साधारण ५२ मायक्रोसेकंदांची, त्यातले ४८ गेमचे आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा. एमुलेटर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतो. मूळ मोकळी जागा परत दिली की झाले.

रेट्रोआर्कमध्ये 'व्हिडिओ', मग 'स्केलिंग', तिथे 'ॲस्पेक्ट रेशो' 'कस्टम' करा. पडदा ७२० बाय ५७६ असेल तर रुंदी ६५०, एक्स (डावीकडची मोकळी जागा) ३५, उंची ४८०, वाय (वरची मोकळी जागा) ४८ असे टाका. ४८० का, तर २४० ची बरोबर दुप्पट. एक रेष गेमची, दोन टीव्हीच्या. ४५० किंवा ५०० टाकलेत तर काही रेषा जाड आणि काही बारीक होतील, आणि उभे काही सरकले की विटांच्या ओळी लुकलुकतील. शिवाय ५७६ पैकी ४८० घेतल्यावर वरखाली ४८-४८ उरतात, म्हणजे ८.३ टक्के. तुमचा टीव्ही ५.४ टक्के झाकतो. अख्ख्या २४० रेषा दिसतील आणि वरखाली बारीक काळी पट्टी राहील.

तुमच्या जुन्या कॅसेटवाल्या गेमलाही अशीच पट्टी असणार. आपल्याकडे मिळायची ती बहुतेक मशीन पाल टीव्हीसाठी बनवलेली होती, आणि पालच्या २८८ रेषांत (५७६ च्या निम्म्या, एका वेळी पडद्यावर येतात तेवढ्या) गेमच्या २४० बसवल्या की वरखाली २४-२४ मोकळ्या राहतातच.

गेमबाहेरच्या मेनूसाठी पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये ओव्हरस्कॅन लेफ्ट, राइट, टॉप, बॉटम असे चार आकडे असतात. डावी-उजवीकडे ३२ आणि वरखाली २४ पासून सुरुवात करा. फक्त 'ओव्हरस्कॅन स्केल' १ करू नका. तो केला की गेमचे चित्रही या आकड्यांनी आक्रसते आणि वरचा दुपटीचा हिशोब मोडतो. त्याशिवाय मेनू आत आला नाही तर मेनूची एखादी ओळ कापलेली राहू द्या, पण गेम नीट ठेवा.

टेक्निशियन_काका

वीस-बावीस वर्षे टीव्ही दुरुस्त केले, म्हणून दोन शब्द.

मुली, मागे उघडायला कचरतेस ते योग्यच आहे. कलर ट्यूबच्या ॲनोडला २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि टीव्ही बंद करून वायर काढली तरी ट्यूबमध्ये चार्ज उरतो. ज्याला तो डिस्चार्ज करायची रीत माहीत नाही त्याने झाकण काढू नये.

एक तपासणी मात्र बाहेरूनच करता येते. काळोखा सीन आणि एकदम पांढरा सीन आलटून पालटून लाव आणि चौकटीपाशी नजर ठेव. पांढऱ्या सीनला चित्र फुगून बाहेर जाते आणि काळ्याला परत येते असे ठळक दिसले, तर सप्लायचा भाग थकला आहे. तिथे कपॅसिटर बदलणे हाच उपाय, हाइट कमी करून ते झाकू नये. किंचित फुगणे सगळ्याच ट्यूबना असते.

२००२ च्या सेटमध्ये हाइट, विड्थ बहुधा सर्व्हिस मोडमध्ये (मेकॅनिकसाठीचा लपवलेला मेनू) रिमोटने बदलतात, आत प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे बटण) फिरवायची गरजच नसते. त्या मोडमध्ये कधी जावे लागलेच तर आधी प्रत्येक ओळीचा आकडा वहीत उतरवून घ्यायचा. व्ही-साइझ (उंची), व्ही-शिफ्ट (वर-खाली सरकवणे), एच-शिफ्ट (डावी-उजवीकडे सरकवणे) एवढ्यांनाच हात लावायचा. बाकीच्या ओळी काय करतात ते माहीत नसेल तर पुढे जायचे नाही. लोक तिथे आंधळेपणाने बटणे दाबतात आणि चांगला सेट माझ्यासारख्याच्या टेबलावर येतो.

मिरजेची_मीनल

काका, मनापासून आभार. काळ्या-पांढऱ्याची तपासणी केली, चित्र केसभर हलते, त्याहून जास्त नाही. आणि रेषा_२८८, तुमच्या आकड्यांनी चारही कडा आल्या! मारिओ डाव्या कडेला टेकला तरी अख्खा दिसतो.

आता एक नवे लक्षात आले. मारिओ धावताना मागचे डोंगर गचके देत सरकतात आणि गाणे किंचित रेंगाळल्यासारखे वाटते. हे केबलमुळे आहे का?

रेषा_२८८

केबल नाही. तुम्ही पायला पाल लावले आहे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे. गेमची फाइल जपानी किंवा अमेरिकन असेल तर ती ६० ची आहे. साठ चित्रे पन्नासच्या जागेत बसवताना एकतर गेम मंद होतो, नाहीतर सरकताना गचके बसतात.

टीव्हीच्या एव्ही मेनूत 'कलर सिस्टिम' 'ऑटो' असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये एसडीटीव्ही मोड १६ करून बघा. हा ६० चा एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्हीची पद्धत) आणि तोही प्रोग्रेसिव्ह, म्हणजे २४० रेषा प्रत्येक वेळी त्याच जागी पडतात. चित्र स्थिर दिसते आणि रेषांमधली ती बारीक काळी फट परत येते. मला स्वतःला ट्यूबवर हेच खरे चित्र वाटते. एनटीएससीत उभी मोकळी जागा नसते, त्यामुळे कस्टमची उंची मेनू दाखवेल तेवढी पूर्ण ठेवा आणि वाय शून्य. रुंदी साधारण ६४५. वरच्या १३ रेषा झाकल्या जातील, पण मजकूर १६ नंतर आहे. गेम बनवणाऱ्यांनी तो तिथे ठेवला याच कारणासाठी.

चित्र कृष्णधवल आले किंवा गडगडायला लागले तर तुमचा सेट एनटीएससी घेत नाही. मग मोड २ (पाल) वर परत या.

गल्लीतला_गेमर

मध्येच विचारतो, माफ करा. माझा टीव्ही ट्यूबचा नाही, २००९ चा एलसीडी आहे, पण एचडीएमआयवरही कडा कापतो. तिथे तर फुगणे वगैरे काही नसते ना?

सोल्डरगन

नसते, पण ट्यूबची सवय कंपन्यांनी तशीच पुढे चालवली. रिमोटवर पिक्चर साइझचे बटण दाबत जा, 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', '१:१' किंवा 'डॉट बाय डॉट' असे काही मिळेल. नाहीच मिळाले तर त्या एचडीएमआय इनपुटचे नाव बदलून 'पीसी' करा, काही सेट तेवढ्याने कापणे थांबवतात. आणि ट्यूबला एचडीएमआय ते एव्ही डबी लावणाऱ्यांसाठी: ती डबी स्वतः चित्र पुन्हा मापते आणि ५७६ किंवा ४८० रेषांचे इंटरलेस्डच (आलटून पालटून एकाआड एक रेषा काढणारे) बाहेर देते, दुपटीचा हिशोब तिथे टिकत नाही. पायची स्वतःची एव्ही असताना डबी घेऊ नका.

मिरजेची_मीनल

मोड १६ चालला, रंगही आले! डोंगर आता लोण्यासारखे सरकतात. एक गंमत, ६० वर चित्राची उंची आपोआप जराशी कमी झाली, त्यामुळे 'मारिओ' ओळीवर तुम्ही सांगितल्यापेक्षा जास्त आकाश दिसते. असे का?

आणि सुपर मारिओ ३ मध्ये उजव्या कडेला सरकताना रंगांचे चौकोनी तुकडे चमकतात. मेमरी कार्ड खराब आहे का?

टेक्निशियन_काका

५० ला वरून खाली यायला बीमला (पडद्यावर चित्र काढणारा किरण) २० मिलिसेकंद मिळतात, ६० ला १६.७. वेग तोच राहिला तर कमी वेळात कमी अंतर कापले जाते, म्हणून उंची घटली. काही सेट ६० साठी वेगळी हाइट लक्षात ठेवतात, तुझा ठेवत नाही. तुझ्या बाबतीत ते पथ्यावरच पडले.

रेषा_२८८

मेमरी कार्ड ठीक आहे. मारिओ ३ मूळ मशीनवरही असेच करतो. पडदा सरकताना कडेच्या नव्या भागाचे रंग एक पाऊल मागे राहतात आणि ते टीव्हीच्या चौकटीआड जातील हे धरूनच गेम बनवला होता. त्या गेमपुरती रुंदी वाढवून ६८० आणि एक्स २० करा, मग 'ओव्हरराइड्स'मध्ये 'सेव्ह गेम ओव्हरराइड्स' दाबा. बाकीच्या गेमना ६४५ तशीच राहील.