झेंडा जाळणाऱ्याला तुरुंगात टाकावं का?

शेवटचा बाक
आधीच सांगून टाकतो, म्हणजे निम्मे प्रतिसाद वाचतील: मी झेंडा जाळणाऱ्यातला नाही, आणि कोणी जाळला तर मला रागच येईल. पण माझ्या रागासाठी दुसऱ्याला कैद व्हावी का, एवढंच विचारतोय.

१९८४ साली अमेरिकेत डॅलसला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन होतं. बाहेर निदर्शनं चालली होती. ग्रेगरी ली जॉन्सन नावाच्या निदर्शकानं अमेरिकेच्या झेंड्यावर रॉकेल ओतलं आणि तो पेटवला. शिक्षा झाली एक वर्ष कैद आणि २,००० डॉलर दंड. प्रकरण वर गेलं आणि १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा रद्द केली. त्या वेळी ५० पैकी ४८ राज्यांत ध्वजाच्या विटंबनेविरुद्ध कायदे होते, म्हणजे निकाल लोकमताच्या प्रवाहाविरुद्धच होता.

मला त्यातली टेक्ससच्या कायद्याची व्याख्या फार बोलकी वाटते. बघणारा गंभीरपणे दुखावेल हे ठाऊक असताना ध्वजाची नासधूस करणं म्हणजे विटंबना! गुन्हा घडला की नाही हे बघणाऱ्याच्या मनावर ठरणार.

आता गंमत बघा. जीर्ण झालेला झेंडा सन्मानानं नष्ट करावा, शक्यतो जाळून, असं अमेरिकेची ध्वजसंहिता सांगते. भारताची २००२ ची संहिताही तेच सांगते, फक्त ते खाजगीत करावं म्हणते. कापड तेच, काडी तीच. एकाला आपण कर्तव्यदक्ष म्हणतो आणि दुसऱ्याला आत टाकतो. दोघांत फरक फक्त मनातल्या मताचा. मग शिक्षा कशाला झाली?

सडेतोड
शब्दच्छल. मुडदा जाळणं आणि जिवंत माणूस जाळणं यातही काडी तीच असते हो.

शेवटचा बाक
जिवंत माणूस मरतो, सडेतोड. जॉन्सनच्या प्रकरणात कोणाला खरचटलंही नव्हतं, निकालात तसं स्पष्ट लिहिलंय.

फौजीची लेक
सहमत नाही. आणि तुमचं ध्वजसंहितेचं वाचन अर्धवट आहे.

भारताच्या त्याच संहितेत अंत्यविधीचा नियमही आहे. शवपेटीवर झेंडा पांघरतात, पण तो थडग्यात उतरवायचा नाही आणि चितेवर जाळायचा नाही. ज्यानं त्या झेंड्यासाठी जीव दिला त्याच्याबरोबरसुद्धा तो जाळायचा नाही. का, याचा विचार केलात? कारण तिथे जमलेल्या माणसांसाठी ते कापड नसतं. काढून, घडी करून घरच्यांच्या हातात देतात. आमच्या घरात अशी एक घडी आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

तुम्ही म्हणता फरक फक्त मनातल्या मताचा. मग कायदा मनातला हेतू नेहमीच बघत नाही का? धक्का लागून कोणी पडला आणि कोणी मुद्दाम ढकलला, यात हात तोच असतो. हेतू बदलला की गुन्हा बदलतो, त्यात कोणाला मतस्वातंत्र्यावर घाला दिसत नाही. आणि जॉन्सनचं तोंड कोणी दाबलं होतं? सरकारला, पक्षाला, देशाला वाटेल ते बोलायची मुभा होतीच की. विरोधी मत देणाऱ्या सरन्यायाधीश रेंक्विस्ट यांनी हेच म्हटलंय: झेंडा जाळणं हे काही सांगणं नाही, ते निव्वळ गुरगुरणं आहे, समोरच्याला डिवचण्यासाठी केलेलं. एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं बोला, एवढंच तर मागतोय.

काथ्याकूट
+१. अगदी मनातलं.

शेवटचा बाक
चितेचा नियम माझ्या लक्षात आला नव्हता, तो मुद्दा तुमचा. पण गुरगुरण्याबद्दल रेंक्विस्ट यांच्याशी माझं भांडण आहे. नुसतंच गुरगुरणं असेल, त्यात काही अर्थच नसेल, तर ते लाखो लोकांच्या जिव्हारी का लागतं? अर्थ पोचतो म्हणूनच लागतं ना! ते बोलणंच आहे, आणि आपल्याला नको असलेलं बोलणं आहे.

ढकलण्याचं उदाहरणही नीट बसत नाही. तिथे हेतू बघतात तो आधी झालेल्या इजेची तीव्रता ठरवायला. इथे हेतू काढून घेतला तर मागे इजाच उरत नाही.

कोर्टाची पायरी
थोडं कायद्याचं, कारण धाग्यात अमेरिकाच जास्त झाली.

भारतात राष्ट्रीय सन्मानाचा अवमान प्रतिबंध कायदा, १९७१ आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी ध्वज जाळणं, फाडणं, तुडवणं याला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सूटही आहे: कायदेशीर मार्गानं बदल घडवण्यासाठी ध्वजावर वा राज्यघटनेवर केलेली टीका गुन्हा ठरत नाही. म्हणजे 'हा ध्वज बदला' असा लेख लिहिता येतो, ध्वज पेटवता येत नाही.

२००४ साली नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ध्वज सन्मानानं फडकवणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) खालचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. आता फडकवणं अभिव्यक्ती असेल तर जाळणंही अभिव्यक्तीच, असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण तोच निकाल हा हक्क १९७१ च्या कायद्याच्या चौकटीत बसवतो, तेव्हा तेवढ्यावर उडी मारू नका.

कोणी बिजो इमॅन्युएल खटला (१९८६) काढायच्या आत मीच काढतो. राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल केरळमधल्या तीन मुलांना शाळेतून काढलं होतं, न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. पण ती मुलं गीत चालू असताना आदरानं उभी राहायची. त्या निकालातून 'बळजबरी नको' एवढं मिळतं, 'अवमान चालेल' हे मिळत नाही.

सडेतोड
बघा! झाला निकाल. विषय संपला.

कोर्टाची पायरी
संपला कसा? कायदा काय आहे ते मी सांगितलं. तो कसा असावा यावर धागा आहे.

मुद्द्यावर या
एक विचित्र गोष्ट. डेन्मार्कमध्ये स्वतःचा झेंडा जाळणं गुन्हा नाही, दुसऱ्या देशाचा जाळणं मात्र गुन्हा आहे. घरच्यांना हवं ते बोला, शेजाऱ्याशी भांडण नको. जर्मनीत स्वतःच्या ध्वजाची विटंबना आधीपासूनच गुन्हा होती, २०२० मध्ये परक्या देशांच्या झेंड्यांची जाहीर जाळपोळही त्यात आली. हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये ध्वजविटंबनेवरची बंदी कायम ठेवली. म्हणजे बंदी ही फक्त हुकूमशहांची चीज नाही आणि मुभा ही सगळ्या लोकशाह्यांची खूण नाही. दोन्ही बाजूंनी ही सरधोपट वाक्यं कृपया टाळा.

काथ्याकूट
अमेरिकेतही डावे-उजवे असं सरळ नव्हतं ना? न्यायमूर्ती स्कालिया बहुमतात होते असं वाचल्याचं आठवतंय.

मुद्द्यावर या
होते. कट्टर परंपरावादी माणूस, माझ्या मनावर असतं तर झेंडा जाळणाऱ्यांना तुरुंगात टाकलं असतं असं जाहीर सांगायचे, आणि मत दिलं जॉन्सनच्या बाजूनं. उलट न्यायमूर्ती स्टीव्हन्स दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, एरवी उदारमतवादी म्हणून ओळखले जायचे, त्यांनी विरोधात लिहिलं.

फौजीची लेक
स्टीव्हन्स यांचं मला नवल वाटत नाही.

शेवटचा बाक
पुढची हकिकतही ऐका. निकालानं खवळलेल्या काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, १९८९ मध्येच नवा कायदा केला. 'कोणी दुखावेल' हा भाग काढला आणि सरसकट जाळण्यावर बंदी घातली. तरी एक अपवाद ठेवावाच लागला: मळलेला, जीर्ण झेंडा नष्ट करायला हरकत नाही. पुन्हा आपली तीच काडी! कायदा लागू झाल्याबरोबर त्याच्या निषेधार्थ सिएटलला आणि वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या (संसद भवनाच्या) पायऱ्यांवर झेंडे जळले. म्हणजे झेंडे वाचवायच्या कायद्यानंच झेंडे जाळवले. १९९० मध्ये तोही कायदा रद्द झाला, पुन्हा ५ विरुद्ध ४. मग घटनादुरुस्तीचे प्रयत्न झाले. २००६ मध्ये सिनेटमध्ये ६६ मतं पडली, ६७ हवी होती.

सडेतोड
६६ विरुद्ध ३४. लोकांना काय हवंय ते कळतंय ना यातून? तरी पाच न्यायाधीश सांगणार, गप्प बसा.

शेवटचा बाक
सगळ्यांना आवडणारं बोलायला संरक्षण लागतंय कुणाला? ६६ जणांना तो हक्क नकोय म्हणूनच तो ३४ जणांसाठी लिहून ठेवावा लागतो.

फौजीची लेक
वाक्य छान आहे. पण तुमच्या प्रत्येक प्रतिसादात दुखावलेला माणूस हा अडथळाच दिसतोय. त्याचं काय करायचं ते सांगा. त्यानं मुकाट बघत राहायचं?

शेवटचा बाक
नाही. डॅलसला एक बघणारा होता. निदर्शक पांगल्यावर त्यानं त्या झेंड्याचे अवशेष गोळा केले, घरी नेले आणि मागच्या अंगणात पुरले. निकाल लिहिणाऱ्या ब्रेनन यांनी शेवटाकडे त्याचा उल्लेख केलाय, की जळलेल्या झेंड्याचा मान राखायचा याहून खात्रीचा मार्ग नाही. सगळा निकाल विसरलो तरी तो माणूस माझ्या लक्षात राहील.

फौजीची लेक
हे माहीत नव्हतं.

मीही राख गोळा केली असती. पण आधी पोलिसांना फोन केला असता.

शेवटचा बाक
जरूर करा. रस्त्यात रॉकेल ओतून आग लावणं बहुतेक ठिकाणी गुन्हाच असतो, तेवढ्यासाठी ते येतील.

फौजीची लेक
तेवढ्यासाठी मी फोन केलेला नसेल.